प्रदर्शनात समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला गेम आधीच बुक करावा का?

तुम्ही विचारलंय की गेम्सकॉमला, म्हणजे जर्मनीतल्या व्हिडिओ गेम्सच्या प्रदर्शनात, समीक्षकांना सगळ्यात जास्त आवडलेला गेम बाजारात यायच्या आधीच पैसे भरून बुक करावा का. नका करू. त्यातही पाच मित्रांनी मिळून खेळायचा असेल तर अजिबातच नको.

आमच्याकडे हा वाद २०१४ पासून चालू आहे. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या ई३ या गेम्सच्या प्रदर्शनात गेम क्रिटिक्स अवॉर्ड्सचा 'बेस्ट ऑफ शो', म्हणजे समीक्षकांनी निवडलेल्या सर्वोत्तम गेमचा मान, मिळाला 'इव्हॉल्व्ह'ला. चार शिकारी, समोर एक राक्षस, आणि तो राक्षसही एक खेळाडूच चालवणार. बनवणारी कंपनी टर्टल रॉक, म्हणजे 'लेफ्ट फोर डेड' हा मित्रांनी मिळून खेळायचा गाजलेला गेम बनवणारे. माझ्या मावसभावाने लगेच हॉस्टेलवरच्या मित्रांकडून पैसे गोळा केले, कारण आधी बुक करणाऱ्यांना बेहिमथ हा चौथा राक्षस फुकट मिळणार होता. मी म्हटलं, थांबा, गेम येऊ दे, लोकांना महिनाभर खेळू दे. तर सगळ्यांसमोर मला कंजूस म्हणाला. वर, "जगभरच्या समीक्षकांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

फेब्रुवारी २०१५ मध्ये गेम आला. सुरुवातीला हॉस्टेलात रात्र रात्र आरडाओरडा. मग परीक्षा आल्या, एकेक जण गळाला आणि त्यांच्या जागी अनोळखी माणसं आली. मेडिक, म्हणजे जखमींना बरं करणारा शिकारी, व्हायला कोणी तयार नाही, राक्षसाला अडकवून ठेवणारा ट्रॅपर भलतीकडेच पळतोय, राक्षस सापडेपर्यंत नुसती धावाधाव. नव्या राक्षसांचे आणि शिकाऱ्यांचे पैसे वेगळे. २०१६ मध्ये कंपनीने पीसीवर तोच गेम फुकट केला आणि २०१८ मध्ये डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे ऑनलाइन सामने चालवणारे कंपनीचे संगणक, बंद केले.

समीक्षक खोटं बोलले असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. प्रदर्शनात पाच जण एकत्र बसून खेळतात, कसं खेळायचं ते सांगायला कंपनीची माणसं हजर असतात, थोड्या वेळात पुढचा स्टॉल. बक्षीस त्या तेवढ्या खेळाला मिळतं. विसाव्या तासाला गेम कसा वाटेल हे तिथे कोणालाच दिसत नाही. सूक्ष्म जिवापासून अंतराळापर्यंत टप्प्याटप्प्याने पुढे जायच्या 'स्पोर' या गेमला हाच मान २००५ मध्ये मिळाला होता. २००८ मध्ये गेम आला तेव्हा प्राणी घडवायचा भाग अफलातून निघाला, पण पुढचे टप्पे उथळ.

भाऊ अजूनही 'झेल्डा' पुढे करतो. त्या मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला २०१६ मध्ये हेच बक्षीस मिळालं, मार्च २०१७ मध्ये गेम आला आणि अपेक्षेपेक्षा सरस निघाला. मान्य. २०१२ चा मानकरी 'द लास्ट ऑफ अस'ही तसाच. पण हे एकट्याने खेळायचे गेम आहेत, सोबतीला कोण मिळतं यावर त्यांचं काही अडत नाही.

म्हणजे एकट्याने खेळायचा गेम असेल तर धोका कमी, हेही सांगायला हवं. शिवाय जून २०१५ पासून स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. आमच्या वेळी ती सोय नव्हती. समीक्षकांच्या याद्या मीही वाचतो, कशावर लक्ष ठेवायचं ते कळतं. पण डाउनलोडच्या गेमचा साठा कधी संपत नाही, मग घाई कशाची?

भाऊ इथे येतोच, हे वाचेलही. त्याला माझा प्रश्न तोच आहे: समीक्षकांनी जेमतेम खेळून दिलेल्या बक्षिसावर मित्रांचे पैसे का लावलेस?