‘उरलेला वेळ’ उरत नाही, तो आधी बाजूला काढावा लागतो

आठ वर्षांची प्रोग्रामिंगची नोकरी सोडायची, फ्रीलान्सिंगवर घर चालवायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं सॉफ्टवेअर प्रॉडक्ट उभं करायचं, असा तुमचा बेत आहे. सहा महिन्यांची बचत पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी हेच अकरा वर्षांपूर्वी केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते सहा महिने कमी आहेत. पहिलं काम मिळायला दोन महिने धरा, ते पूर्ण करायला एक, आणि बिल दिल्यावर पैसे यायला 30 ते 45 दिवस. म्हणजे पहिली रक्कम खात्यात पडेपर्यंत चार-साडेचार महिने गेलेले असतात. मग माणूस घाबरून मिळेल ते काम मिळेल त्या दरात घेतो. मीही घेतलं, आणि तो दर त्या ग्राहकाकडे पुढे दोन वर्षं वाढवता आला नाही. वर्षभराची बचत करा, आणि प्रत्येक कामाला आगाऊ रक्कम मागाच.

दर ठरवताना वार्षिक पगाराला 260 दिवसांनी भागू नका. सुट्ट्या, आजारपण वजा केलं की 230 दिवस राहतात. प्रस्ताव, बोलणी, हिशेब, थकलेल्या पैशांचा तगादा यात जाणाऱ्या दिवसांचं बिल कुणालाच लावता येत नाही. सुरुवातीला माझे वर्षाकाठी जेमतेम 120 दिवस बिलात लागायचे.

आता प्रॉडक्ट. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ग्राहकाच्या कामाला मुदत असते, फोन करणारा माणूस असतो. आपल्या प्रॉडक्टसाठी कुणीच फोन करत नाही, त्यामुळे ते रोज उद्यावर जातं. शेवटी मी सोमवार-मंगळवार ग्राहकांना देणंच बंद केलं आणि उरलेल्या तीन दिवसांवर घर चालेल असा दर लावला. दोन ग्राहक गेले, पण त्यानंतरच प्रॉडक्टचं काम खरं पुढे सरकलं.

माझं पहिलं प्रॉडक्ट मी आठ महिने एकट्याने, कुणालाही न दाखवता लिहिलं. तीन जणांनी पैसे भरले, त्यातले दोघे पुढच्याच महिन्यात गेले. दुसरं मात्र ग्राहकांच्या कामातूनच निघालं. ऑर्डर आणि बँकेत जमा झालेले पैसे यांचा मेळ घालणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तिघांनी वेगवेगळी मागितली, तेव्हा लक्षात आलं की चौथाही असणार. या वाटेने मोठी नावंही गेली आहेत. 37सिग्नल्स ही वेब डिझाइनची कामं करणारी कंपनी होती. स्वतःच्या प्रोजेक्टची कामं सांभाळायला लागलेलं साधन तिने 2004 मध्ये बेसकॅम्प म्हणून विकायला काढलं. ग्राहकांना एकगठ्ठा ईमेल पाठवायची सेवा देणारं मेलचिंप 2001 मध्ये एका वेब डिझाइन कंपनीचा जोडधंदा म्हणून सुरू झालं आणि 2007 पर्यंत जोडधंदाच राहिलं. सहा वर्षं!

इथे माझी एक चूक सांगतो. ती स्क्रिप्ट करारानुसार ग्राहकाच्या मालकीची होती. मला सगळा कोड पहिल्यापासून पुन्हा लिहावा लागला. ‘पुन्हा वापरण्याजोग्या भागाचे हक्क माझ्याकडे’ हे वाक्य पहिल्याच करारात घाला. आणि आजच्या नोकरीचा करारही काढून वाचा: कामाच्या वेळेबाहेर लिहिलेल्या कोडवरही काही कंपन्या हक्क सांगतात. तोवर ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःची एक ओळही लिहू नका.

मासिक वर्गणीच्या प्रॉडक्टचा हिशेबही आत्ताच मांडा. दरमहा 10 नवे ग्राहक आले आणि असलेल्यांपैकी 5 टक्के सोडून गेले, तर आकडा 200 च्या आसपास अडकतो, कारण 200 चे 5 टक्के म्हणजे 10च. तेवढ्यात घर चालेल का? नसेल चालत, तर किंमत वाढवायची की गळती थांबवायची, हे ठरवायला पगार चालू असतानाचा काळ चांगला. मी हा हिशेब तिसऱ्या वर्षी केला, आणि दुसऱ्याच दिवशी किंमत दुप्पट केली.