हा दुसरा ड्रॉप कोणासाठी?

प्रश्न : आम्ही नागपूरला, मानेवाड्यात राहतो. मुलीला बारावीला बायोलॉजी आणि गणित दोन्ही होतं. एक ड्रॉप घेऊनही नीटमध्ये २८ गुणच वाढले. माझी आई फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तिने आयुष्यात विडी-तंबाखूला हात लावला नव्हता. रिपोर्टमध्ये ईजीएफआर म्युटेशन, म्हणजे गाठीच्या ईजीएफआर जनुकातला बदल, निघालं. आता नुसत्या सीटीवरून म्युटेशन कळतं असं वाचलं. म्हणजे आईला बायोप्सीचा त्रास उगाच झाला. मुलीने रेडिओलॉजिस्ट व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. पण ती रात्री अभ्यास सोडून आजीच्या सीटीची सीडी लॅपटॉपवर उघडून बसते, वहीत काहीबाही लिहिते. पुढच्या ड्रॉपसाठी इथलीच ट्यूशन लावू की कोट्याला पाठवू?

उत्तर : दोन्ही नको. निदान तिच्याशी नीट बोलणं होईपर्यंत तरी कुठेच फी भरू नका.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तुमची आई आहे, तुमची इच्छा आहे. मुलीला काय हवंय याबद्दल एक शब्द नाही. तिच्याविषयी वाक्य आहे ते तक्रारीचं. आईला सुई टोचली तेव्हा आपल्याला काही करता आलं नाही, हे तुमच्या मनातून गेलेलं नाही. ते दुःख खरं आहे. पण त्याची भरपाई १९ वर्षांच्या पोरीने नीट देऊन करावी, हे बरोबर नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग नीट-पीजी, मग एमडीची तीन. एवढा रस्ता दुसऱ्याच्या इच्छेवर कापता येत नाही.

आणि ती बायोप्सी उगाच झाली नव्हती. ईजीएफआर म्युटेशन असलेल्या गाठींचा काही भाग सीटीवर पुष्कळदा, काचेवर वाफ धरावी तसा धुरकट दिसतो. एएलके जनुकात बिघाड असेल तर गाठ बहुधा भरीव असते, फुप्फुसाभोवती पाणीही साठलेलं दिसू शकतं. पण हा सगळा कल झाला, पुरावा नव्हे. तसाच धुरकटपणा साध्या संसर्गातही दिसतो. ईजीएफआरवरची गोळी सुरू करायची तर म्युटेशन गाठीच्या तुकड्यात किंवा रक्तात सापडावं लागतं, आणि रक्तात ते दर वेळी सापडतंच असं नाही. पुढे गोळी लागू पडेनाशी होते तेव्हा गाठ वाढली एवढं सीटी सांगतो. त्यामागे टी७९०एम नावाचं नवं म्युटेशन आहे का, हे पुन्हा तपासूनच कळतं. तुमच्या आईचं म्युटेशन कळलं ते तपासणीसाठी नमुना घेतला म्हणून. हा सल तेवढा मनातून काढून टाका.

आता त्या वहीबद्दल. सीटीत काय दिसतं आणि जनुकात काय बिघडलंय, यांची सांगड घालणाऱ्या अभ्यासाला रेडिओजिनोमिक्स म्हणतात. ईजीएफआर म्युटेशन आणि त्यावरच्या गोळीचा संबंध २००४ मध्ये समोर आला, त्यामुळे हे क्षेत्र अजून तरुण आहे. त्यातली मोठी अडचण अशी की, एका हॉस्पिटलच्या स्कॅनवर शिकवलेलं कॉम्प्युटर मॉडेल दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये गडबडतं. मशीन वेगळं, स्लाइसची, म्हणजे स्कॅनमधल्या एकेका कापाची, जाडी वेगळी, इंजेक्शन दिल्यानंतर स्कॅन काढायची वेळ वेगळी. हे गणित सोडवायला रेडिओलॉजिस्टच्या शेजारी स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर आणि फिजिक्सवाले बसलेले असतात. तिला बारावीला गणित आहे! तुम्ही ज्याला 'काहीबाही' म्हणता, ती त्या कामाची सुरुवात असू शकते. ती वही मागून घ्या आणि तिच्याकडूनच समजून घ्या.

मार्ग तुम्हाला माहीत आहेतच : नागपूरच्याच व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेसाठी जेईई मेन, राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी, नाहीतर बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स किंवा फिजिक्स घेऊन पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा. माझं मत विचाराल तर स्टॅटिस्टिक्स. इंजिनिअरिंगच्या मागे सगळेच धावतात म्हणून तिनेही धावायची गरज नाही.

कदाचित ती म्हणेल, मला डॉक्टरच व्हायचंय. तसं असेल तर एक ड्रॉप जरूर द्या, पण तिचा म्हणून. कोट्याला न पाठवता. आजीला जाऊन फार काळ झालेला नाही, तिला घरात राहू द्या. बोलताना आईचा विषय तुम्ही काढू नका. तिने काढला तर ऐकून घ्या. आणि तिची तयारी असेल तर ती वही घेऊन मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या रेडिओलॉजी विभागात एखाद्या शिकवणाऱ्या डॉक्टरांची वेळ मागा. आत तिला एकटीला जाऊ द्या, तुम्ही बाहेर थांबा.