क्ष काढल्याशिवाय उठायचं नाही?

प्रश्न : मुलगी कलाशाखेची पदवीधर. यूपीएससी पूर्वपरीक्षेत सीसॅटला (आकलन, तर्क, गणिताचा पात्रता पेपर) क्लासच्या उत्तरतालिकेप्रमाणे ३० बरोबर, २० चूक. डेटा सफिशियन्सीची गणितं हमखास चुकतात. रोज रात्री नऊ ते अकरा मी घड्याळ लावून बसवतो. क्ष काढल्याशिवाय उठायचं नाही, असा नियमच केलाय. तिचा मावसभाऊ पहिल्या फटक्यात पास झाला. हिचं काय करावं? – एक पालक

उत्तर : नमस्कार. आधी तो नियम मोडा. डेटा सफिशियन्सीत क्ष विचारलेलाच नसतो. दिलेल्या माहितीवरून तो ठरतो की नाही, एवढंच सांगायचं असतं. रोज दोन तास तुम्ही लेकीकडून नेमकी नको ती सवय घोटून घेताय.

दुसरा गैरसमज क्लासवालेही पसरवतात : अज्ञात दोन, समीकरणं दोन, म्हणजे पुरे. चहा कितीला? विधान १ : दोन चहा, तीन वडे, ८० रुपये. विधान २ : चार चहा, सहा वडे, १६० रुपये. दुसरं विधान पहिल्याचीच दुप्पट, नवीन काहीच नाही. दोन्ही मिळूनही अपुरी. उलट चहा ७ रुपये, वडा ११ रुपये, बिल ५०, तर चहा किती? समीकरण एकच, ७क्ष + ११य = ५०. पण अर्धा वडा कोण विकतं? ५० मधून ११-११ काढत जा : ५०, ३९, २८, १७, ६. सातने भाग फक्त २८ ला जातो. एकच समीकरण पुरलं! याला आठवी-नववीचं बीजगणित पुष्कळ झालं.

आता तुमचे आकडे. बरोबरला अडीच गुण, चुकीला ०.८३ वजा, झाले ५८.३३. लागतात ३३ टक्के, २०० पैकी ६६. त्या वीसांतले दहा प्रश्न तिने नुसते सोडले असते, तरी ६६.६७ होऊन पास झाली असती. पण सोडायचं कुणाकडून शिकणार? घरी सोडलं तर उठता येत नाही. समोर बाप घड्याळ घेऊन बसला की मूल काहीतरी खूण करून मोकळं होतं. मीही केली असती.

चार पानी पत्रात मावसभाऊ तीनदा आलाय. तिला यूपीएससी करायची आहे का, याबद्दल मात्र एक ओळ नाही. वेळापत्रक मी आत्ता देणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाकिटात घालण्याआधी वाचू नका.