गाडी पुढं पळते, मागं घेताना हात कापतात

“मॅडम, छोटा हत्ती मी बिनधास्त चालवतो. पण मोठ्या गाडीवर बसलो की घाम फुटतो, पाय लटपटतात. म्हणजे हे काम माझ्यानं होणार नाही, असंच ना?”

सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न अधूनमधून समोर येतोच. पुणे–हैदराबादचा ६५ क्रमांकाचा महामार्ग आणि धाराशिवकडून विजयपूरला जाणारा ५२ क्रमांकाचा इथं भेटतात, रत्नागिरीहून निघालेला १६६ इथंच येऊन संपतो. त्यात बाजार समितीचा कांदा, जिल्ह्यातले साखर कारखाने, एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेल. गल्लीत एखादा तरी ट्रक ड्रायव्हर असतोच. स्टिअरिंगची भीती वाटते हे मात्र त्यांच्यात कुणी तोंडानं बोलत नाही. बोललं की “घाबरायलास काय बे?” असं लगेच ऐकावं लागतं.

ज्याची गोष्ट सांगते आहे तो चोविशीतला, मोहोळकडचा. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. मामाची दहाचाकी गाडी, फायनान्सवर घेतलेली. भाच्यानं शिकून घ्यावं आणि हैदराबाद-बंगळूरच्या खेपा दोघांनी वाटून कराव्यात, असा बेत. अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी वय वीस पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हातात असावा लागतो. दोन्ही होतं. शिकवणी सुरू झाली, मोकळ्या मैदानात गाडी छान चालली, मग रस्त्यावरही. आणि एका दुपारी मार्केट यार्डात गाडी मागे घेताना हौद्याचा कोपरा एका हातगाडीला लागला. हातगाडीचं एक फळकूट तुटलं, बाकी काही नाही. पण आजूबाजूचे हमाल हसले आणि मामा केबिनमधून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. त्यानंतर पोरगा काही ना काही कारण काढून शिकवणी चुकवायला लागला. ताप, लग्न, पाऊस, सगळं झालं.

माझ्याकडे येण्याआधी तो डॉक्टरकडे जाऊन आला होता. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तो बरा निघाला. हे त्यानं आधी केलं हे चांगलंच. अशा तक्रारीत मी झोप, चहा, तंबाखू, दारू आणि नजर यांची चौकशी केल्याशिवाय मनाच्या गोष्टीला हात घालत नाही. दिवसाला दहा कप चहा आणि चार तासांची झोप असेल तर हात कापायला भीतीची गरजच नसते.

त्याला मी एक साधं काम दिलं. गाडीशी संबंधित प्रसंग कागदावर लिहायचे आणि प्रत्येकात भीती दहापैकी किती, ते पुढं मांडायचं. पुढच्या भेटीत कागद आला. महामार्गावर सरळ, लोड भरलेली गाडी: तीन. तुळजापूरचा घाट: चार. शहरात दुचाकीवाल्यांच्या गर्दीतून: सहा. मैदानात एकट्यानं रिव्हर्स: चार. यार्डात गाळ्याला गाडी लावणं: नऊ. शेजारी मामा असतील तर सगळीकडे दोन वाढवा, असं खाली लिहिलेलं.

मला पुढचं सगळं काम त्या कागदानंच दिलं. घाटात भरलेली गाडी चुकली तर जीव जातो. तिथं भीती चार. यार्डात गाडी माणूस चालतो त्याहून हळू सरकते, तिथं नऊ. आणि तेच रिव्हर्स मैदानात केलं तर पुन्हा चार. गाडी तीच, गिअर तोच, आरसे तेच. फरक होता तो बघणाऱ्यांचा. पोरगा ट्रकला घाबरत नव्हता, चारचौघांत हसं होण्याला घाबरत होता.

शिकाऊ ड्रायव्हरच्या मनात या दोन्ही भीती एकत्र कालवलेल्या असतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करायला वेळ द्यावा लागतो, कारण दोघींची वागणूक वेगळी असते. गाडीची भीती तुम्हाला आरशात बघायला लावते, वेग कमी करायला लावते. लोकांची भीती उलट घाई करायला लावते. “पटकन लावून टाकू, बघायलेत सगळे” असं मनात आलं की माणूस मागचं बघायचं सोडून हसणाऱ्यांकडे बघतो. हातगाडी त्याच घाईत लागली होती, हे त्यानंच विचार करून सांगितलं.

दुचाकीची सहाची भीती मी कमी करायला गेले नाही. ट्रकच्या डाव्या अंगाला, केबिनच्या अगदी पुढं आणि हौद्याच्या मागं ड्रायव्हरला न दिसणारी जागा असते. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून डावीकडून घुसणारा स्कूटीवाला सापडतो. शहरातली जड वाहतूक हा सोलापुरात तसाही तापलेला विषय आहे. ज्याला या गोष्टीची अजिबात भीती वाटत नाही, अशा माणसाला मी स्टिअरिंगवर बघू इच्छित नाही.

यार्डातल्या नऊचं मात्र काम करायचं होतं. जोसेफ वोल्पे या मूळ दक्षिण आफ्रिकेच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९५८ मध्ये मांडलेली पद्धत आजही आम्ही या ना त्या रूपात वापरतो: भीतीच्या पायऱ्या करायच्या, खालच्या पायरीवर अंग सैल होईपर्यंत थांबायचं, मगच वरची. टाळत राहिलं की भीती वाढते, कारण टाळल्यावर जी सुटका वाटते ती मेंदूला सांगते की धोका खरा होता. आणि एकदम नऊवर ढकललं तरी नुकसान होतं. आमच्याकडे पोराला विहिरीत टाकून पोहायला शिकवल्याच्या गोष्टी कौतुकानं सांगतात. त्या दिवसानंतर जे कधीच पाण्यात उतरले नाहीत, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

पण पायऱ्यांआधी मामांना बोलावणं भाग होतं. ते आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि पहिलाच प्रश्न: “मॅडम, तुम्हाला गाडी येती का?” म्हटलं, स्कूटी येते. हसले, मग जरा मोकळे झाले. “आम्हाला कुणी शिकवलं? किन्नरकी, म्हणजे क्लीनरचं काम करत, उस्तादाचा मार खात शिकलो.” मी विचारलं, मार खाताना शिकलात की मार थांबल्यावर? ते गप्प बसले, मग हप्त्याचा आकडा सांगितला. गाडीला ओरखडा आला की त्यांना तो हप्ता आठवायचा. म्हणजे केबिनमध्ये घाबरलेली माणसं दोन होती. एक थरथरत होता, दुसरा ओरडत होता.

त्याआधी एक उपाय मामांनी सुचवून झाला होता: “थोडी मार, हात थांबतील.” एका मित्रानं झोपेच्या गोळीचा तुकडा सांगितला होता. यावर मी सौम्य बोलत नाही. हात थांबल्यासारखे वाटतात, पण ब्रेकवर पाय जायला उशीर होतो आणि आपल्याला उशीर होतोय हे कळतही नाही. कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि अंमल चढवणाऱ्या औषधांनाही तेच कलम लागू होतं. गोळी लागणारच असेल तर ती मानसोपचारतज्ज्ञ देतील, आणि ती घेऊन गाडी चालवायची की नाही हेही तेच सांगतील.

तर आमचं ठरलं ते असं. गाडी चालू असताना मामांनी बोलायचे शब्द तीनच: थांब, डावी, उजवी. बाकी सगळं इंजिन बंद झाल्यावर. मागं उभं राहून खुणा करणारा माणूस एकच. चारजण “येऊ द्या, येऊ द्या” करू लागले तर कुणाचंच ऐकायचं नाही. हौद्यावर थाप मारायची तर एसटीच्या घंटीसारखी: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. खुणा करणारा आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे ज्यावर त्यानं सगळ्यात जास्त का-कू केली: प्रत्येक रिव्हर्समध्ये एकदा तरी थांबून, हँडब्रेक लावून, खाली उतरून मागं बघून यायचं. गरज असो वा नसो. “लोक काय म्हणतील, याला गाडी लावता येईना.” म्हणू देत की. त्याला धीट व्हायला मी सांगतच नव्हते, सगळ्यांसमोर थांबायला सांगत होते. हसं होईल म्हणून तो जे टाळत होता तेच मुद्दाम, दर वेळी. त्याची सवय झाली की बघणाऱ्यांच्या हातातलं हत्यारच जातं.

पाय लटपटण्याचा भाग मात्र माझ्या खोलीत सुटला नाही. तो सुटला एका जुन्या प्रशिक्षकाकडे. त्यांनी पाहिलं की पोरगा सीट फार मागं ठेवून बसतो आणि रिव्हर्समध्ये सगळा वेळ हाफ क्लचवर पाय तोलून धरतो. तसा पाय धरला तर पोटरी कुणाचीही थरथरेल, आणि घाबरलेला माणूस ती थरथर पुरावा म्हणून धरतो. डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांवरही ताकद असते. सपाट जागी रिव्हर्स टाकून क्लच पूर्ण सोडला तर मोठी गाडी अॅक्सिलरेटर न देता आपसूक सरकते. पाय रिकामा होऊन ब्रेकवर येतो. हे कळल्यावर त्याची निम्मी भीती गेली असं तो म्हणतो. माझी फी वाया गेली का, असं मी विचारलं नाही.

श्वासाचं मी एवढंच सांगितलं की घेण्यापेक्षा सोडणं लांब हवं, आणि ते गाडी उभी असताना करायचं. निघण्याआधी हवेचा दाब भरेपर्यंत गाडी तशीही उभी असते. एअर ब्रेकच्या गाडीत गेजचा काटा वर आल्याशिवाय हलायचंच नसतं. तो वेळ आयताच मिळतो.

पायऱ्या सुरू झाल्या. आधी मैदानात, दोन ड्रम ठेवून. मग तिथंच मामा बाहेर उभे. मग लिलाव आटोपून गर्दी पांगल्यावर यार्डात. मग भर वेळेला. मध्ये एकदा सगळं घसरलं. संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत गर्दीत अडकला, मागून हॉर्न सुरू झाले आणि गाडी बंद पडली. त्या संध्याकाळी “सोडतो” म्हणून फोन आला. मी कागद काढायला सांगितला. त्या प्रसंगापुढं त्यानं आठ लिहिले होते, आणि आठची भीती घेऊनही त्यानं गाडी पुन्हा चालू करून कुणाला न धडकता बाहेर काढली होती. भीती संपली की चालवेन, असं तो धरून बसला होता. चालवण्यासाठी ती संपावी लागत नाही, हे त्याच्याच हातून घडलेलं त्याला दिसलं.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. डोळ्यांसमोर अपघात घडला असेल आणि तो स्वप्नात येत असेल, गाडी चालवताना भोवळ येत असेल, दिवसा डुलकी लागत असेल, तर शिकवणी थांबवून तज्ज्ञाकडे जायला हवं. कुठं जावं कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

परवान्याच्या चाचणीत गाडी मागं घेऊन दाखवावीच लागते. तो उतरून बघून आला आणि मग घेतली. पास झाला. आता हैदराबादच्या खेपा मामांबरोबर करतो. मामांची तक्रार चालूच आहे, गाळ्याला गाडी लावायला फार वेळ घेतो म्हणून. मागच्या फोनवर मी त्याला यार्डाचा आकडा विचारला. म्हणाला, “पाच. बंगळूरला सात. तिथं कन्नडमधून ओरडतात, ते आपल्याला निम्मंच कळतंय.”