‘नाताळ’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो मराठीत कुठून आला?

‘नाताळ’ म्हणजे ‘जन्माचा (दिवस)’, आणि तो पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. त्यामागे लॅटिन ‘नातालिस’ हे विशेषण आहे; ते ‘नातुस’, म्हणजे जन्मलेला, यावरून बनले. ‘नातुस’चे जुने रूप ‘ग्नातुस’. सुरुवातीचा हा ग लक्षात घेतला की संस्कृत ‘जन्’ धातूशी, म्हणजे आपल्या ‘जन्म’शी, त्याचे नाते दिसते. मात्र हे नाते चुलत भावंडांचे आहे: दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून फुटले, लॅटिनने संस्कृतातून काही उचललेले नाही. इथे बरेच जण गल्लत करतात.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली. पाव, चावी, पगार यांच्याप्रमाणे हा शब्दही त्यांच्याचकडून कोकणी-मराठीत रुजला. पोर्तुगीजांचा शेवटचा ‘ल’ जड, जिभेचा मागचा भाग उचलून म्हटलेला असतो. आपल्या कानाला त्याच्या जवळचा ध्वनी ‘ळ’, म्हणून बहुधा ‘नाताळ’ झाले. मराठीत लिहिताना ‘ळ’च ठेवावा: नाताळची सुट्टी, नाताळात.

याच मुळाची आणखी रूपे:
- फ्रेंच ‘नोएल’, इटालियन ‘नाताले’
- दक्षिण आफ्रिकेतला पूर्वीचा नाताळ प्रांत (१९९४ पासून क्वाझुलू-नाताळ). १४९७ च्या नाताळात वास्को द गामा त्या किनाऱ्याजवळून गेला, म्हणून हे नाव

‘ख्रिसमस’ मात्र वेगळ्या घरचा: जुन्या इंग्रजीत ‘ख्रिस्ताची मिस्सा’. अर्थात नाताळ म्हणजे जन्म, ख्रिसमस म्हणजे त्या दिवशीची उपासना.