'करमंना' म्हणजे नेमकं काय?

लातूरच्या एका वसतिगृहात मुलींची विचारपूस करणाऱ्या शिक्षिकाताईंचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात, "अकरावीला नव्याने आलेल्या मुली पहिले दोन-तीन महिने एकच वाक्य बोलतात, 'मॅडम, हितं करमंना.' आमच्या नोंदीच्या कागदावर चार चौकटी छापलेल्या आहेत: कंटाळा, उदासी, चिंता, एकटेपणा. 'करमंना' कोणत्या चौकटीत टाकायचं? आणि हा शब्द 'कर्म'वरून आला का? एक मुलगी म्हणाली, माझं करमच तसं आहे म्हणून करमंना."

ताई, त्या मुलीचं वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. तिने दोन शब्द जोडले ते केवळ सारख्या उच्चारामुळे, पण त्यातून स्वतःला दोष लावून घेतला. तेव्हा आधी तेवढं मोकळं करून टाकू. 'करमणे'चा कर्माशी, नशिबाशी काही संबंध नाही. हा शब्द 'क्रमणे'चा आहे. क्रमणे म्हणजे पाऊल टाकत पुढे जाणे. वाट क्रमणे, काळ क्रमणे, कालक्रमणा हे सगळे त्याच घरातले. बोलीत जोडाक्षर सुटं होतं. भ्रमाचा भरम होतो, प्रसादाचा परसाद होतो, तसं क्रमणेचं करमणे झालं. म्हणजे 'करमत नाही' याचा मुळातला अर्थ असा की वेळ पुढे पाऊल टाकत नाही, दिवस जागचा हलत नाही. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. तिचं नशीब वाईट नाही, तिचा वेळ अडला आहे.

आता चौकटींचं. माझं मत स्पष्ट आहे: चारांपैकी एकीतही टाकू नका. कारण मराठीत हे पाचही शब्द वाक्यात वेगवेगळ्या जागा मागतात, आणि त्या जागांवरूनच भावना ओळखू येते.

कंटाळा कशाचा तरी येतो. गणिताचा, त्याच त्या पोळीभाजीचा, वाट बघण्याचा. त्याला 'चा-ची-चे' लागतं, म्हणजे समोर एक वस्तू असते आणि ती बदलली की कंटाळा जातो. चिंतेलाही 'ची' लागते, पण तिचं तोंड उद्याकडे असतं: निकालाची, फीची, नीट परीक्षेतल्या गुणांची. उदास तर नुसतंच वाटतं, त्याला कारण द्यावंच असं नाही. एकटेपणा माणसं नसली की जाणवतो म्हणावं, तर तुमच्या एकेका खोलीत चार-चार मुली आहेत आणि तरी करमत नाही.

'करमणे' मात्र दोनच गोष्टी विचारतं: कुठे, आणि कुणाशिवाय? 'हितं करमंना.' 'आज्जीबिगर करमंना.' पहिल्या वाक्यात जागा आहे, दुसऱ्यात माणूस. एक बोलून दाखवलं तरी दुसरं पोटात असतंच. म्हणून त्या मुलीच्या हातात मोबाइल दिला तर तिचा कंटाळा जाईल, पण करमणार नाही. रात्री अकरापर्यंत व्हिडिओ बघणारी मुलगीही सकाळी डोळे पुसत तेच वाक्य बोलते, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं असेल.

या क्रियापदाची एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. त्याला आज्ञार्थ नाही. 'हस', 'झोप', 'घाबरू नको', 'रागावू नको', 'कंटाळू नको' असं सगळं सांगता येतं, पण 'करम' असं कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. 'मी करमते' असंही वाक्य होत नाही. 'मला' करमतं. बोलणारी व्यक्ती इथे कर्ता नाहीच. व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात. 'मला मळमळतं', 'बाहेर उजाडलं' यांच्या पंक्तीतलं हे क्रियापद. कुणी मळमळ ठरवून करत नाही, कुणी उजाडवत नाही. करमणंही तसंच, माणसाला होणारं, त्याच्या हुकमात नसणारं. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखलं आहे, आणि आपण मात्र पंधरा वर्षांच्या लेकराला म्हणतो, 'मन लाव की जरा!'

मी आठवीत अंबाजोगाई सोडून बाहेर शिकायला गेले. सहामाहीला माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'अभ्यासात लक्ष नाही.' खरं तर लक्ष होतं, पण ते सगळं फाटकाकडे होतं. चारला एसटी यायची. वडील येणार नाहीत हे माहीत असूनही ती येऊन जाईपर्यंत पुस्तकातली ओळ डोळ्यांखालून जायची, डोक्यात शिरायची नाही. आता मानसशास्त्र वाचताना कळतं की यात आळस नव्हता. आलेली माहिती क्षणभर धरून तिच्यावर काम करायला मनाकडे एक लहानशी पाटी असते. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. काळजीने आणि ओढीने ती आधीच भरलेली असेल, तर गणिताच्या पायऱ्या लिहायला जागाच उरत नाही. हुशारी तेवढीच असते, जागा कमी पडते.

म्हणून 'मन लागणे' आणि 'करमणे' यांतही घोळ करू नये. मन कामात लागतं: अभ्यासात, शेतात, दुकानात. करमतं ते ठिकाणी. आधी करमावं लागतं, मग मन लागतं, असा क्रम नव्याने घर सोडलेल्या मुलांच्या बाबतीत मला दिसतो. म्हाताऱ्या माणसांत तो उलटा होतो. नोकरीतून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले एक काका 'रिकामं बसून करमंना' म्हणत पुन्हा एका दुकानाचा हिशेब लिहायला लागले आणि सहा महिन्यांत खुलले. तिथे कामानेच त्यांना जागा दिली. तेव्हा 'अभ्यासाला लाग म्हणजे करमेल' हा सल्ला खोटा नाही. तो साठीतल्या माणसाचा आहे आणि आपण तो पंधरा वर्षांच्या मुलीला देतो.

मराठवाड्यात हा शब्द इतका जिवंत का, याचं उत्तर आपल्या घरांत आहे. इथे दर घरातून कुणीतरी गेलेलं असतं. बीडकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते निघतात (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ पैसेही त्याच हिशेबाने). मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात जेवणारी लेकरं तेवढी उरतात. त्या दिवसांत कुणालाही 'कसं चाललंय?' विचारा, 'करमंना बघा' हेच उत्तर येतं. नांदत्या लेकीला माहेरचा पहिला प्रश्न 'करमतंय का?' हाच असतो. 'सुखी आहेस का?' असं आई विचारत नाही. ते विचारणं फार मोठं होतं, त्यावर खोटं बोलावं लागतं. 'करमतंय का?' एवढ्याशा प्रश्नात सासूचा स्वभाव, नवऱ्याचं वागणं, शेजारपाजार सगळं येतं, आणि लेक 'आता लागलंय करमायला' म्हणाली की आईच्या जिवात जीव येतो. पंचमीला मुराळी, म्हणजे लेकीला माहेरी आणायला जाणारा, पाठवायचा तोसुद्धा अर्धा हेच डोळ्यांनी बघून यायला.

लक्षात घ्या, हे क्रियापद बहुतेक नकारात किंवा प्रश्नातच भेटतं. करमत असलं की माणूस बोलत नाही. विदर्भातही तसंच, फक्त तिकडे 'मले गमत नाही' म्हणतात.

याउलट नामाचं नशीब. वागणूक, मिरवणूक, फसवणूक यांच्यासारखंच 'करमणूक' झालं आणि ते थेट मनोरंजनाकडे गेलं. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'करमणूक'. पुढे सरकारने तिकिटावर करमणूक कर बसवला. 2017 साली वस्तू व सेवा कर आल्यावर तो त्यात मिसळला. शहरी मुलांना आज हे नामच आधी ओळखीचं होतं. मग 'करमत नाही' ऐकून त्यांना 'बोअर होतंय' एवढंच कळतं, आणि घरचे टीव्ही लावून देतात.

जुन्या कोशांत 'करमविणे' हे रूपही आहे: दुसऱ्याचं मन किंवा वेळ करमवणे. ज्याला करमत नाही त्याला हुकूम देता येत नाही, पण शेजारच्याला मात्र काही करता येतं. तुमच्या हाती तेवढंच आहे, आणि ते थोडं नाही. मुलगी 'करमंना' म्हणाली की 'का?' विचारू नका. 'कामून' म्हटलं की लेकरू गप्प होतं, त्याला कारण सांगता येत नसतं. 'कुणाबिगर?' विचारा. मग 'घरी कुठं बसल्यावर करमायचं?' विचारा. एखादी ओसरी सांगेल, एखादी शेताचा बांध, एखादी धाकट्या भावाला झोपवायची ती वेळ. भावनेला नेमकं नाव मिळालं की तिचा जोर थोडा ओसरतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, तर भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाची हालचाल मंदावते. म्हणून मला चौकटीत भलतं नाव लिहिणं ही किरकोळ चूक वाटत नाही. 'कंटाळा' लिहिलं की पुढचा माणूस तिला खेळायला पाठवेल, 'उदासी' लिहिलं की घाबरून डॉक्टरकडे. (ती जेवत नसेल, झोपत नसेल, महिने उलटूनही काहीच बदलत नसेल, तर डॉक्टरांकडे जरूर न्यावं. ते वेगळं.)

शेवटी तुम्ही विचारलंय की लिहायचं 'करमेना' की 'करमंना'. छापील मराठीत 'करमेना'. पण ही नोंद मुलीची आहे, तिच्या तोंडचं वाक्य तसंच उतरवा: 'हितं करमंना.' चार चौकटींखाली पाचवी हाताने आखा, आणि तिच्यापुढे 'कुणाबिगर' असं लिहून एक ओळ कोरी सोडा. पहिल्या भेटीत ती भरणार नाही.