रांगडा: माळव्याहून साताऱ्याला आलेला शब्द

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं माहेर ठाण्याचं, सासर सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्या पंगतीत सासऱ्यांना कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्याकडची भाषा किती छान रांगडी आहे!" सासरे काही बोलले नाहीत. राहिलेला भात न संपवता हात धुवायला उठले. आणि त्याच घरात धाकट्या दिरानं मोटारसायकलवर ‘रांगडा सांगलीकर’ असं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय. मग हा शब्द कौतुकाचा की हिणवण्याचा? ‘रान’ आणि ‘गडी’ मिळून तो झाला, असं त्यांनी कुठंतरी ऐकलंय, ते बरोबर का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते ऐकून माझे कान किटले आहेत. नाही. रान अधिक गडी मिळून रांगडा झालेला नाही. सूत्रसंचालक सांगतात, रेडिओवर सांगतात, शाळेच्या गॅदरिंगला पाहुणे म्हणून आलेले लोक सांगतात, आणि समोरची आमची पोरं टाळ्या वाजवतात. ऐकायला गोड आहे. रानात राबणारा गडी, म्हणून रांगडा. पण मराठीत ‘गडी’ जोडून झालेले शब्द आपल्या जिभेवर आहेत, ते जरा आठवून बघा. घरगडी. सालगडी. यातला एकतरी ‘गडा’ झाला का? एक सालगडी, चार सालगडी. घरगडा, सालगडा असं कुणी म्हणत नाही. रानातला गडी ‘रानगडी’च राहिला असता. ‘रानगडी, रानगड्याला’ असा चालला असता. ‘रांगडा, रांगडी, रांगडं’ असा विशेषणासारखा तिन्ही लिंगांत फिरला नसता.

दुसरं, ‘रान’मधला न. रानगवा म्हणताना, रानगवत म्हणताना तो न स्वच्छ, सुटा ऐकू येतो. रानगव्याला रांगवा म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. ‘रांगडा’मधलं अनुस्वाराचं नाक गंगेतलं, अंगातलं आहे. ते रानातून आलेलं नाही. आमच्याकडचे काही जण रांगणागडाशी नातं लावतात, काही जण बाळाच्या रांगण्याशी. त्यावर वेळ घालवत नाही.

आता खरी गोष्ट. ती मला जेव्हा उमगली तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

‘रांगडी भाषा’ हे एका खऱ्याखुऱ्या भाषेचं नाव आहे. ती साताऱ्याची नव्हे, सांगलीची नव्हे, कोल्हापूरचीही नव्हे. ती माळव्याची, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या उज्जैन-इंदूरकडची. जॉर्ज ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा राजस्थानी-गुजरातीचा भाग १९०८ साली निघाला. त्यात माळवीचा जो प्रकार तिथले रजपूत बोलतात, ज्यात मारवाडीचा रंग जास्त आहे, त्याला ‘रांगडी’ म्हटलेलं आहे. रांगड म्हणजे रजपूत, त्यांची ती रांगडी. आणखी वर, फाळणीआधीच्या हरियाणात जा, मुसलमान झालेल्या रजपुतांच्या एका समाजाचं नावच रांघड. म्हणजे हा शब्द मुळात माणसाच्या वागण्याचं वर्णन करत नाही. तो एका समाजाचं नाव आहे, जसं कानडी, तेलंगा, तसं.

मग तो आपल्याकडे कसा आला? घोड्यावर बसून आला. अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात गेल्या. १७२८ मध्ये अमझेऱ्याची लढाई झाली आणि माळव्याचं दार उघडलं. पुढं पवार धार-देवासला बसले, होळकर इंदूरला, आणि राणोजी शिंद्यांनी उज्जैनीस बस्तान बसवलं. हे शिंदे कुठले? कण्हेरखेडचे. कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा. ज्या छत्रपतींच्या नावानं ही सगळी मोहीम चालली त्या शाहू महाराजांची राजधानी कुठली? सातारा. या फौजेतला माणूस माळव्यातल्या गढीवाल्या रजपुताला काय म्हणायचा? रांगडा. उत्तरेकडच्या मराठी कागदपत्रांत रजपुतांना ‘रांगडे’ म्हटलेलं सापडतं, आणि ते बऱ्याचदा प्रेमानं म्हटलेलं नसतं. खंडणीला टाळाटाळ करणारा, गढी लढवणारा, आपली बोली न समजणारा, अंगानं दांडगा आणि बोलायला तोडून टाकणारा, असा तो रांगडा.

ताई, बघा आता. कोरेगाव-कराडकडच्या माणसानं दूरच्या, परक्या, हट्टी माणसाला लावलेलं हे नाव. दीडदोनशे वर्षांनी तेच नाव पुण्या-मुंबईच्या माणसानं कोरेगाव-कराडच्याच माणसाला लावलं. आणि आज त्याच माणसाचा नातू ते मोटारसायकलवर रंगवून फिरतोय. शब्दाचा इतका लांबचा प्रवास मला दुसऱ्या कुठल्या शब्दात दिसलेला नाही.

समाजाचं नाव विशेषण कसं झालं, याबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. मराठी कानाला ‘डा’नं संपणारी विशेषणं फार ओळखीची आहेत. तांबडा, भाबडा, वाकडा, तोकडा, उघडा. ‘रांगडा’ या रांगेत येऊन बसला आणि लोक विसरले की हे कुणाचंतरी नाव होतं. ‘वाकडा माणूस’ म्हणावं तसं ‘रांगडा माणूस’ म्हणू लागले. कोशकारांनी मग आडदांड, गावंढळ, अशिष्ट असे अर्थ नोंदवले. ते चूक नाहीत, त्यांच्या काळी शब्द तसा वापरात होताच. माझी तक्रार कोशावर नाही. कोशातला तो एक अर्थ उचलून व्युत्पत्तीच्या नावाखाली ‘रानगडी’ विकणाऱ्यांवर आहे. गंमत अशी की उत्तरेतही याच शब्दाची सोयरीक ‘रण’शी लावून तो वीरांचा शब्द करतात. तिकडं रण, इकडं रान. दोन्हीकडं अपमानाला फेटा बांधायची धडपड आहे. ती मला समजते. पण भावना समजली म्हणून व्युत्पत्ती मान्य करता येत नाही.

आणि आपल्यालाही परक्यानं नावं ठेवलेली आहेतच. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या. तिथं आजही अंगाईगीतात पोरांना ज्यांची भीती घालतात ते ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर. आपल्याकडं बारगीर म्हणजे सरकारचा घोडा घेऊन चाकरी करणारा साधा स्वार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, याचा नाही, एवढाच फरक. बंगाली आईच्या तोंडी मात्र तो मुलूख लुटणारा राक्षस. आपण माळव्यात रांगडा पाहिला, बंगालनं आपल्यात बर्गी पाहिला. मुंबईनं घाटावरच्याला ‘घाटी’ केलं तेही त्याच जातीचं. कोकणातून बघितलं तर आम्ही घाटावरचे, एवढाच त्याचा मूळ अर्थ, साधा दिशेचा. गिरणीच्या चाळीत शिरला आणि शिवी झाला.

कौतुक की अपमान, हा ताईंचा प्रश्न होता. सासरे का उठले असतील ते मला कळतं. मी कराड तालुक्यातला. माझ्या लहानपणी आमच्या गावात कुणी कुणाला रांगडा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. दांडगा म्हणायचे, खमक्या म्हणायचे, आडमुठा, इरसाल, बेरकी, उमदा. माणसागणिक शब्द होता आणि प्रत्येकाला वेगळी चव होती. रांगडा मी पहिल्यांदा ऐकला तो कॉलेजला पुण्यात, आणि माझ्याबद्दलच. वर्गात मी ‘न्हाय’ म्हणालो होतो. मुलं हसली आणि शिकवणारे सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "असू दे, रांगडी भाषा आहे त्याची." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी हा शब्द असाच, बाहेरून, हसण्याबरोबर ऐकलाय. दिरानं तो ऐकलाय मालिकांतून आणि मटणाच्या खानावळींच्या पाट्यांवरून. म्हणून त्याला तो पदकासारखा वाटतो. एका घरात दोन अर्थ आहेत ते या कारणानं. दोघंही खरं बोलतायत.

पण मला खरा राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. ‘रांगडी’ म्हटलं की लोकांना त्यात ‘उद्धट’ ऐकू येतं. इकडची माणसं सगळ्यांना अरे-तुरे करतात, असा समज आहे. आई, आजी, चुलती यांना आम्ही ‘तू’ म्हणतो, ते खरं; ते जवळिकीचं ‘तू’ आहे. पण मान द्यायचा असला की या बोलीत एक असा प्रत्यय आहे जो पुण्याच्या मराठीत नाही. "कवा आलासा?" "जेवलासा का?" "कुठं निघालासा?" हा ‘सा’ ऐका. ‘तू’साठी ‘आलास’, आणि ‘तुम्ही’साठी ‘आलासा’. शेवटी एक आकार वाढवला की माणूस मोठा झाला. प्रमाण मराठीतला ‘आलात’ आहे, तो व्याकरणानं आदरार्थी आहे, पण ‘आलासा’मध्ये जो पायरीवर येऊन स्वागत करण्याचा सूर आहे तो त्यात नाही. माझ्या मते हा ‘आला असा’, म्हणजे ‘तुम्ही आलेले असा’, यातला ‘असा’ आहे. ‘सुखी असा’ म्हणतो त्यातला. यावर माझे एक भाषातज्ज्ञ मित्र नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, ‘आलास’ला बहुवचनाचा ‘आ’ लागला, बस्स. मुरडोत. ‘बसा’, ‘या’, ‘घ्या’ हे सगळे आ-कार जिथं आदराचे आहेत तिथं ‘असा’चं अंग त्यात आहे हे मला तरी ऐकू येतं, आणि सांगलीच्या बाजारात एक सकाळ उभं राहिलात तर तुम्हालाही येईल. वरून पुन्हा ‘की’ लावतात: "बसा की", "घ्या की च्या". तो ‘की’ आग्रहाचा. ज्या बोलीत आदराला स्वतंत्र प्रत्यय आणि आग्रहाला स्वतंत्र अव्यय आहे तिला उद्धट म्हणणाऱ्यानं आधी ती नीट ऐकावी.

आणि मुळात कुठली बोली? सातारा-सांगलीची एक बोली नाहीच. १९४९ पर्यंत हा बराचसा एकच जिल्हा होता, मग दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. पण एक जिल्हा असतानाही बोली एक नव्हती. महाबळेश्वर-पाटणच्या पावसातला माणूस वेगळा बोलतो, माण-खटावच्या कोरड्या माळावरचा वेगळा. जतला घरात कानडी आणि बाजारात मराठी. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. गावच्या जत्रेला ती परत आली की एकाच पारावर मराठीत तमिळ, तेलुगू, बंगाली मिसळलेली ऐकू येते. या सगळ्याला मिळून एक शब्द लावायचा, तोही माळव्यातल्या रजपुतांचा!

इथं आमचीच काही मंडळी लगेच बचावाला उभी राहतात. मराठी नाटकाचा पहिला खेळ १८४३ साली सांगलीतच झाला, विश्वकोशाचं काम वाईत बसून झालं, मग आम्ही रांगडे कसे? अभिमान मलाही आहे. पण हा वाद मला पटत नाही. विश्वकोश वाईत झाला नसता तर आटपाडीच्या मेंढपाळाची बोली अशिष्ट ठरली असती का? ‘न्हाय’ला उभं राहायला विश्वकोशाचा टेकू लागत नाही.

एक राहिलं. कांद्याच्या बाजारात ‘रांगडा’ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात बी टाकून जानेवारी ते मार्चमध्ये निघणारा कांदा. धड खरिपाचा नाही, धड उन्हाळी नाही, मधला. लासलगावचा व्यापारी "रांगडा आला का?" म्हणतो तेव्हा कांद्याच्या शिष्टाचाराबद्दल त्याची तक्रार नसते. हे नावही माळव्याच्या वाटेनंच आलं असावं असा माझा कयास आहे; त्यावर सवडीनं लिहीन, इथं पुरे.

तर ताई, ‘राकट’ म्हणा, तो हाताचा, दगडाचा, देहाचा शब्द आहे. ‘रोखठोक’ म्हणा, ‘ठसकेबाज’ म्हणा. ‘रांगडी’ दिराला म्हणा, तो खूश होईल. सासऱ्यांना विशेषण देऊच नका. उद्या सकाळी चहा पुढं ठेवा आणि विचारा, "रात्री जेवलासा का नीट?" ‘सा’ थोडा लांबवा.